बघूक जातंय

आमच्या आचऱ्याच्या घरात दिवस उजाडायचा तो आतेच्या रवळीच्या आवाजाने. विहिरीजवळच्या दगडावर बांबूची रवळी आपटून ती तांदूळ निथळायची, आणि त्या फसफस आवाजाने मी अंथरुणात कूस बदलायची. मग फुंकणीचा आवाज, मग विळीवर नारळ खवल्याचा, मग पाट्यावर वाटप वाटल्याचा. पुढच्या पडवीत बाबांचं किराण्याचं दुकान होतं. तिथे तराजूची साखळी खुळखुळायला लागली की आतमध्ये चहा तयार असावा लागे. बाबा उठून आत येत नसत. बसल्या जागेवरून हाक मारत, “इंदू, चाय!” इंदू म्हणजे माझी आते, बाबांची धाकटी बहीण. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती देवगडाकडे गेली, विसाव्या वर्षी नवरा तापाने गेला, आणि एक ट्रंक घेऊन ती माहेरी परत आली. मी जन्मले तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात होती आणि मी वीस वर्षांची झाले तेव्हाही तिथेच होती.

तिच्या हाताला चव होती असं सगळे म्हणत. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, दुपारी ओल्या नारळाच्या वाटपात तिरफळं ठेचून घातलेलं माशाचं कालवण, सोमवारी काळ्या वाटाण्याची उसळ. आई आणि आते दोघी मिळून करत, पण आई मधून मधून बाहेर ओटीवर येऊन बसे, शेजारणीशी बोले, हळदीकुंकवाला जाई. आते आतच. मे महिन्यात मुंबईकर चाकरमानी येत, त्यांना वर्षभराचा मसाला ती कुटून देई. त्याचे जे काही पैसे मिळत ते तिचे स्वतःचे. शिवाय नवऱ्याने घातलेल्या दोन पाटल्या होत्या, त्या ट्रंकेच्या तळाशी. तिला काय आवडतं हे आमच्या घरात कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही. मीही विचारलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबरोबर गेले म्हणून मला फार समजूतदार मानू नये.

तिला घराबाहेर कुठेतरी जावंसं वाटतं हे मला पहिल्यांदा गावपळणीत कळलं. आमच्या गावाची ही जुनी रीत. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा, वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस घरांना कुलपं आणि माळावर नारळाच्या झावळ्यांच्या झोपड्या. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. त्या तीन दिवसांत मी एक वेगळीच बाई पाहिली. आते मोठमोठ्याने हसत होती. तीन दगडांच्या चुलीवर बाबा स्वतः भाकरी उलटत होते आणि ती लांब बसून “करपली रे, करपली!” म्हणून ओरडत होती. खाडीच्या काठाने चालत ती मला इतकी लांब घेऊन गेली की आईने शोधायला माणसं पाठवली. चौथ्या दिवशी परत जायचा कौल झाला आणि सगळे आनंदाने सामान बांधू लागले, तेव्हा आते झोपडीच्या तोंडाशी तशीच बसून होती. “आणखी थोडे दिस रवाक मिळाला असता तर बरा झाला असता,” ती म्हणाली. मला म्हणाली नाही. कुणालाच म्हणाली नाही.

त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी, गणपती पोचवून झाल्यावर चार दिवसांनी, दुपारच्या जेवणात तिने बाबांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, “भाऊ, मी चललंय.”

“खंय?”

“खाली. गोव्याकडसून पुढे. जंय पावात थंय.”

बाबांना वाटलं, ती थट्टा करते आहे. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “कोणाकडे?”

“कोणाकडे नाय. मसाल्याचे पैसे आसत. पाटल्यो आसत. दोन हात आसत.”

बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच तोडगा काढला. “मगे गोकर्णाक जा. महाबळेश्वराचा दर्शन घे आणि ये. लोकांका सांगूक बरा पडात.”

“देवाच्या नावान खोटा कित्याक बोलू? देवाचा दर्शन घेवचा असता तर आपलो रामेश्वर काय वायट आसा? मी बघूक जातंय.”

“काय बघूक?”

“ता बघल्याशिवाय कसा सांगू?”

आज कुणी मुलगी पाठीला पिशवी लावून महिनाभर भटकून आली तर तिचे फोटो लोक मोबाइलवर पाहतात आणि वा वा म्हणतात. तेव्हा बाईमाणसाने घर सोडायचं ते माहेरी, बाळंतपणाला, नाहीतर देवाला. चौथं कारण काढणाऱ्या बाईला एक शब्द होता, तो मी इथे लिहीत नाही, पण दुकानाच्या पायरीवर पुढे तो बोलला गेला. मी त्या वेळी डी.एड. होऊन शाळेच्या ऑर्डरची वाट बघत बसले होते. ऑर्डर आधी येते की स्थळ, एवढाच प्रश्न होता. ताटावर बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघालं, “मी जातंय आतेवांगडा.” तिच्याबरोबर जाईन, हे मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर मागे घेतलंही नाही. बाबांनी फारसा विरोध केला नाही, कारण दहा दिवसांत दमून दोघी परत येतील अशी त्यांची खात्री होती. आई काही बोलली नाही. तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि आत गेली. तिच्या त्या गप्प राहण्याकडे मी लक्षच दिलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो कुठे, तर मालवणला. एस.टी.ने तासाभराच्या आतला रस्ता. मला लाज वाटली. म्हटलं, एवढा तमाशा करून मालवण? आतेला घाई नव्हती. तिचा एक नियम होता, तो तिने निघताना सांगितला नव्हता. नव्या ठिकाणी उतरलं की ती आधी विहीर शोधायची आणि ओंजळभर पाणी मागून प्यायची. पाणी गोड लागलं तर तिथे राहायचं, महिना म्हणजे महिना. मचूळ लागलं तर पुढची गाडी. यामागे काय शास्त्र होतं मला माहीत नाही, पण या नियमामुळे आम्हाला प्रत्येक गावात उतरल्या उतरल्या एका तरी बाईशी बोलावंच लागलं, आणि राहायची सोय बहुतेक त्याच बाईने करून दिली. दोडामार्गात अशीच एका बागायतदाराच्या बायकोने केळीच्या बागेतली खोली दिली. आते बागेतल्या गड्यांचं जेवण रांधायची, मी घडांना पेंढा बांधायला शिकले. त्या गावातली निम्मी माणसं रोज सकाळच्या गाडीने गोव्यात कामाला जात आणि संध्याकाळी परत येत. एकदा त्यांतल्या एकाला आतेने बागेमागच्या ओहोळातल्या कोंडीबद्दल सांगितलं, जिथे दुपारी ऊन पडलं की तळातला प्रत्येक दगड दिसतो. तो म्हणाला, “खंय आसा ती?” त्याचा जन्म त्या गावातला.

पुढे पेडण्याला मी चार मुलांना मराठी शिकवलं आणि त्यांच्या आईने आम्हाला दोन वेळ जेवायला घातलं. कारवारात पाणी गोड लागलं, पण ज्या बाईच्या विहिरीचं ते होतं तिच्याकडे जागा नव्हती, म्हणून आम्ही एका लॉजवर गेलो. तिथल्या माणसाने वही पुढे ओढली, आमच्या दोघींच्या मागे कोणी येतंय का पाहिलं, आणि विचारलं, “बरोबर पुरुष कोण आहे?”

“पुरुष नाय,” आते म्हणाली. “पिशवी आसा. तिच्या नावान लिव.”

त्याने जागा दिली नाही. आम्ही स्टँडच्या बाकावर बसून पहाट केली. ढेकणांनी माझे पाय फोडून काढले आणि मी रडले. मला घरी जायचं होतं, हे मी कबूल करते. आतेने माझ्या पायांना खोबरेल लावलं आणि म्हणाली, “तू जा हवी तर. गाडी सुटता सात वाजता. मी जावचंय नाय. ह्या माणसाच्या एका नायवर मी परत जाऊ? सव्वीस वर्सां नाय ऐकत इलंय.” सात वाजताची गाडी आली आणि गेली. आठ वाजता विहिरीवाली बाई स्टँडवर आली, आम्हाला शोधत. तिने आपल्या बहिणीकडे जागा काढली होती.

या प्रवासातून मिळालं काय, असं मला अजून विचारतात. माझ्या मुलीने गेल्या वर्षी सहा दिवसांत केरळ केलं. आल्यावर तिने मला यादी वाचून दाखवली, आणि मग विचारलं, “आई, तुम्ही सात महिन्यांत किती ठिकाणं कव्हर केलीत?” मी म्हटलं, एकही नाही. आम्ही काही झाकायला गेलो नव्हतो. आम्हाला मिळालं ते असं. आमचं ‘माका’ गोव्यात ‘म्हाका’ झालं आणि होन्नावरात कुणाच्या तोंडी ‘माक्का’. आमचं तिरफळ तिथे तेफळ झालं, आणि आणखी खाली तेप्पल. आमच्या कालवणात आमसूल पडे, कुमठ्यापासून त्याच्या जागी कधी बिंबलाचं आंबट फळ यायला लागलं, कधी चिंच, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की आपण पूर्ण परक्या माणसाच्या घरी बसून परकं कालवण खातो आहोत, तरी कुठल्या घासाला आपण परके झालो ते सांगता येत नाही. गाडीतून धावत गेलेल्या माणसाला आचरा वेगळं आणि मंगळूर वेगळं दिसतं. आम्ही सावकाश गेलो, म्हणून आम्हाला मध्ये रेघ सापडलीच नाही. हे मला कुठल्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, आणि पुढे तीस वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला तो याच भरवशावर.

होन्नावरात आम्ही दीड महिना राहिलो. शरावती तिथे समुद्राला मिळते, आणि मिळण्याआधी इतकी रुंद होते की पलीकडच्या तीरावरचा माणूस मुंगीएवढा दिसतो. नदीच्या काठावर सावित्रीबाय नावाच्या बाईची खानावळ होती. नवरा होड्यांच्या धंद्यात आणि खानावळ बाईच्या एकटीच्या जिवावर. तिची कोकणी आमच्या कानाला दोन दिवस अडखळली, तिसऱ्या दिवशी आपलीच झाली. आते तिच्या चुलीपाशी बसू लागली. मी म्हटलं, इथे पण रांधतेसच ना, मग घरात काय वाईट होतं? ती मासे साफ करता करता म्हणाली, “हंय दुपारी जेवान झाला की मी उठान नदीवर जातंय. कोण माका विचारणा नाय खंय गेलंस म्हणान.” आणि खरंच, रोज दुपारी ती जायची. होडीवाला तिला पलीकडे न्यायचा आणि आणायचा, आणि ती त्याच्यासाठी केळीच्या पानात भात बांधून न्यायची.

मी प्रत्येक ठिकाणाहून घरी पत्र टाकत असे. म्हणून बाबांना पत्ता ठाऊक होता. एका सकाळी, दहाचा सुमार, मी खानावळीच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. समोरून एक माणूस छत्री टेकत येत होता. चेहरा धुळीने माखलेला, डोळे लाल. सावंतवाडीच्या पलीकडे कधी न गेलेले माझे बाबा तीन गाड्या बदलून, न झोपता आले होते. मला पाहून ते जागच्या जागी थांबले. मी उठून त्यांच्या पाया पडले, पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानेच प्यायलं.

“सामान बांधा,” ते म्हणाले. “दोनची गाडी आसा.”

आते आतून आली. हात कोपरापर्यंत माशाच्या खवल्यांनी भरलेले. “बस भाऊ.”

“बसाक इलंय नाय मी. दुकान बंद ठेवन इलंय. मंदाक स्थळ सांगान इला हा. मुंबयचो झिल, सरकारी नोकरी, हुंडो नको म्हणतत. आठवड्याभरात बघूक येतले. आणि चेडू खंय, तर होन्नावरात!” मग माझ्याकडे न बघता ते तिलाच बोलत राहिले. “लोक काय बोलतत ठाऊक आसा? बोलतत, इंदून भावाचा चेडू पळयल्यान.”

“आणि तू काय बोललंस तेंका?”

“मी काय बोलतलंय? सांगलंय, तीर्थयात्रेक गेली हत.”

आते एकदम पायरी उतरून खाली आली. इतक्या वर्षांत तिचा आवाज बाबांवर चढलेला मी ऐकला नव्हता. “देवान सांगल्यार अख्खो गाव घराक कुलूप लावन भायर पडता. कुत्री-मांजरां पण भायर. तेव्हा कोण कोणाक विचारणा नाय. आणि मी माझ्या मनान भायर पडलंय तर तुका खोटा बोलाचा लागता? माझा मन काय इतक्या हलक्या हा रे?”

बाबा माझ्याकडे वळले. “मंदा, चल.”

सावित्रीबाय दारात उभी होती, दोन गिऱ्हाईकं खाता खाता थांबली होती. मला वाटलं होतं, असा प्रसंग आला तर आते माझ्या वतीने काहीतरी बोलेल. ती बोलली नाही. तिने पाठ फिरवली आणि आत जाऊन पुन्हा माशांसमोर बसली. तेव्हा मला तिचा राग आला. आता कळतं की तिने मला तेवढीच एक गोष्ट दिली, बोलायची जागा.

“बाबा, मी येतलंय,” मी म्हटलं. “पण आज येवचंय नाय.”

“स्थळ थांबाचा नाय.”

“मगे ता माझा नव्हताच.”

“आज नाय इलंस,” बाबा म्हणाले, “तर मगे...” पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी थांबले. मला ते ऐकायचं होतं, काय असेल ते. त्यांना ते बोलता आलं नाही. छत्रीचं टोक ते जमिनीत रुतवत राहिले. शेवटी सावित्रीबायने, काय चाललंय ते सगळं कळून न कळल्यासारखं करत, त्यांच्यासमोर पाट मांडला आणि केळीच्या पानावर भात वाढला. उपाशी माणूस, बसले. कालवणाचा पहिला घास घेऊन ते क्षणभर थांबले, मग पुढचा भात कालवला.

जेवताना मी विचारलं, “आई कशी आसा?”

“कशी आसतली? रांधता.”

“काय सांगल्यान तिना?”

“काय सांगतली?” बाबा म्हणाले. “तिका सांगूक काय आसा?”

दोनच्या गाडीला मी त्यांना पोचवायला गेले. ते खिडकीपाशी बसले आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिले. माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही. गाडी गेली आणि मी स्टँडच्या मागे जाऊन पोटभर रडले. पण त्या रडण्यात पश्चात्ताप नव्हता, हे मी आज चाळीस वर्षांनी तितक्याच ठामपणे सांगते. बापाला दुखावून वाईट वाटणं आणि आपण चुकलो असं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलींना त्या एकच म्हणून शिकवतात.

त्यानंतर आम्ही आणखी तीन महिने खाली खाली गेलो. मंगळुराच्या पुढे कोकणी विरळ झाली, आतेने हातवाऱ्यांनी आणि हसण्याने काम भागवलं. कासरगोडला तिला ताप आला, तो आठ दिवस उतरला नाही. ताप उतरल्यावर ती म्हणाली, “आता पुरे. परत जाऊया. पण घाबरान नाय हां, पोट भरला म्हणान.” आम्ही रामनवमीच्या उत्सवाला आचऱ्यात परत आलो. दोनांपैकी एक पाटली तोवर तशीच शिल्लक होती.

घरात बाबा बोलले नाहीत. आईने आम्हाला पाणी दिलं, पाय धुवायला सांगितलं, जेवायला वाढलं. ती वाळली होती. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता, पेजेचं पातेलं उतरताना उलटलेलं. मी विचारलं तर म्हणाली, “झाला बरा.” तिने आमच्याकडे प्रवासाबद्दल एक शब्द विचारला नाही. मला वाटलं, ती बाबांच्या बाजूची आहे.

वैशाखात ते स्थळ पुन्हा आलं. थांबलं होतं म्हणायचं. मुलगा, त्याचे वडील आणि त्याचे काका, तिघे जण. काका मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते आणि बोलायचं काम त्यांनीच घेतलं होतं. मी पोहे दिले आणि समोर बसले. मुलगा चांगला होता. त्याने एकदाच तोंड उघडलं आणि विचारलं, “मंगळूरला समुद्र आपल्यासारखाच आहे का?” मी सांगायला सुरुवात केली तोच काकांनी हात वर केला.

“हे बघा,” ते म्हणाले, “आम्ही जुन्या विचारांचे नाही. मुलीच्या हातून झालं ते झालं. आपण ते विसरून जाऊ. कुणी विचारलंच, तर मुलगी सात महिने कोल्हापूरला मावशीकडे होती असं दोन्हीकडून सांगायचं. तुमचं काय म्हणणं?”

ते बाबांना विचारत होते. मी म्हटलं, “माझी मावशी कोल्हापूरला नाही. आणि माझ्या हातून काही झालेलं नाही. मी गेले होते. विसरायचं असेल तर तुम्ही विसरा, मी विसरणार नाही. विचारलं तर सांगणार, आणि नाही विचारलं तरी सांगणार.”

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “तुमच्या मुलीला मोठ्यांशी बोलायची पद्धत नाही.”

“ती बोलता ता खरा आसा,” बाबा म्हणाले. एवढंच. जोर देऊन नाही, अभिमानाने तर मुळीच नाही. थकलेल्या माणसाने एखादी गोष्ट कबूल करावी तसे. पाच मिनिटांत तिघेही निघून गेले. मुलगा उंबऱ्यापाशी घुटमळला, पण काकांच्या मागोमाग गेला.

बाबा दुकानात जायला उठले, आणि तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आली. पदराने हात पुसत होती. “थांबा जरा,” ती म्हणाली. बाबा थांबले, कारण आईने त्यांना कधी थांबवलं नव्हतं.

“सात म्हयने मी एकटी रांधलंय ह्या घरात,” ती म्हणाली. “सकाळची पेज, दुपारचा जेवान, रात्रीचा जेवान, तुमची चाय. इंदू गेली, मंदा गेली. तुमी तेंका आणूक गेल्यात. माका कोणी विचारला? गो इंदू, जाताना तू तरी माका विचारलंस, वयनी येतंस काय म्हणान?”

आतेचा चेहरा उतरला. कारवारच्या लॉजवाल्यापुढे, बाबांपुढे न वाकलेली माझी आते मान खाली घालून उभी राहिली. “नाय विचारलंय गो वयनी. माझ्या मनातच इला नाय. चुकलंय.”

मीही तिथेच होते. आमच्या त्या सगळ्या ताठ मानेचं ओझं कुणाच्या हातावर पडलं होतं, ते मी महिनाभर रोज पाहत होते, भाजल्याच्या डागासकट, आणि मला दिसलं नव्हतं.

“चुकलंस ता चुकलंस,” आई म्हणाली. “आता उद्या सकाळच्या गाडीन तू माका घेवन जातलंस. जंय मंदाच्या पत्रातली ती मोठी न्हय आसा, शरावती, थंय.”

“उद्या?” बाबा म्हणाले. “आणि हंय जेवणाचा काय?”

आईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

“मिरगाआधी येतलंय,” आई म्हणाली, आणि पिशवी शोधायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. मी चूल पेटवली. माझा भात कधी चिकट झाला, कधी कच्चा राहिला; बाबा न बोलता जेवत. आठ दिवसांनी ते स्वतः विहिरीवरून पाणी आणू लागले, पंधरा दिवसांनी नारळ सोलून ठेवू लागले. मृग लागला. पाऊस सुरू झाला. आई आली नाही. जुलैत माझी शाळेची ऑर्डर आली, दोडामार्गाकडच्या शाळेची, आणि त्याच टपालात एक आंतरदेशीय पत्र होतं, माझ्या नावाचं. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या हातचं पत्र मला आयुष्यात पहिल्यांदा येत होतं. अक्षरं मोठी, एकमेकांपासून लांब लांब. मी ते पडवीत उभी राहून बाबांना वाचून दाखवलं.

“चि. मंदास आशीर्वाद. आम्ही दोघी येथे खुशाल आहोत. पाऊस फार मोठा आहे. नदीचा पलीकडचा काठ दिसत नाही, तरी मी रोज बघायला जाते. यांना सांग, दुकानाच्या मागच्या खोलीत गळते तेथे भांडे ठेवावे. येण्याचे अजून काही ठरवलेले नाही.”